शिरोरेषेला लोंबकळणारी अक्षरं

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत काम करते. ॲप आणि खेळ यांचं डिझाइन हा आमचा धंदा. माणसं मोजकीच, त्यात प्रोग्रामर एक. मागे आम्ही पहिलीच्या मुलांसाठी अक्षरं गिरवायचा एक खेळ केला. तो आधी फसला, मग बऱ्यापैकी जमला. अशी कामं आता बऱ्याच जणांकडे येतात, म्हणून काय झालं ते सांगते.

काम एका संस्थेचं होतं. ही संस्था जिल्हा परिषदेच्या शाळांना टॅबलेट देते. त्यांच्याकडून मागण्यांचा एक कागद आला. त्यात लिहिलं होतं, ‘प्रत्येक अक्षरानंतर शाबासकी’, ‘आकर्षक ॲनिमेशन’, ‘एक गोड पात्र’. मूल बोटाने नेमकं काय करणार, याबद्दल एक ओळही नव्हती. पैशाचा पहिला हप्ता ‘रंगीत पडदे मंजूर झाल्यावर’ मिळणार होता.

त्यामुळे रंगीत पडदे आधी झाले. हिरवं शेत, निळं आभाळ, फांदीवर पोपट. मंजुरीच्या बैठकीत बराच वेळ पोपटावरच बोलणं झालं. चोच लाल की केशरी? पोपटाला टोपी घालायची का? टोपी घातली तर कुठली? मी एकदा विचारलं, की मुलाचं बोट चुकून रेघेबाहेर गेलं तर काय व्हावं? उत्तर आलं, “ते तुम्ही बघा, तुम्ही एक्स्पर्ट आहात.” आणि गाडी परत टोपीवर आली.

या लोकांना मी नावं ठेवत नाही. गुळगुळीत रंगीत चित्र समोर आलं की कोणीही रंगावरच बोलतो. बिल बक्स्टन या कॅनडातल्या संशोधकाचं ‘स्केचिंग यूझर एक्सपिरियन्सेस’ हे पुस्तक 2007 साली आलं. त्यात हीच गोष्ट सविस्तर आहे. स्केच झटपट व्हावं, स्वस्त असावं, फेकून देताना जीव तुटू नये, आणि एक नको, भरपूर हवीत. स्केचने प्रश्न उभे करायचे असतात. नमुना, म्हणजे प्रोटोटाइप, उत्तराच्या वेळी करायचा. आम्ही सगळ्यांनी हे पुस्तक वाचलेलं होतं. पण हप्ता पुस्तकावर मिळत नाही.

पहिली आवृत्ती तयार झाली. अक्षर बरोबर गिरवलं की पोपट पंख फडफडवून ‘शाबास!’ म्हणायचा आणि चांदण्या उडायच्या. चुकलं की पोपट फांदीवरून धप्पकन पडायचा, दोन पिसं हवेत तरंगायची. ऑफिसमध्ये जो येईल तो हसायचा. आम्ही खुशीत होतो.

मग पुरंदर तालुक्यातल्या एका शाळेत गेलो. मुलं सतरंजीवर बसली होती. टॅबलेट कोणाच्या मांडीवर, कोणाचा जमिनीवर. ऑफिसात आम्ही तो टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून वापरला होता. इथे मुलं पाटीवर लिहिताना ठेवतात तसं मनगट काचेवर टेकवत होती. टॅबलेटला वाटायचं दुसरं बोट लागलं. रेघ मध्येच तुटायची किंवा भलतीकडे उडी मारायची. पोपट उजव्या कोपऱ्यात खाली होता, म्हणजे नेमका मनगटाखाली.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. शाळेतले टॅबलेट स्वस्तातले आणि जुने होते. बोट पुढे जायचं आणि शाई मागून यायची. याकोब नील्सन यांनी 1993 साली लिहून ठेवलेली एक मर्यादा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. एका दशांश सेकंदाच्या आत पडद्यावर काही घडलं, तरच माणसाला ते आपण केलं असं वाटतं. त्यापुढे ते यंत्राने केलं असं वाटायला लागतं. इथे तर पानं, ढग, पोपट सगळे एकाच वेळी हलत होते आणि त्यात शाईचा नंबर शेवटी लागत होता. शाई येत नाही म्हणून मुलं बोट जोरात दाबायची. तरी येत नाही म्हणून उचलून बघायची. उचललं की खेळ म्हणायचा, चुकलं. पोपट धप्प.

आणि पोपट पडला की वर्गात हशा.

थोड्याच वेळात मुलांनी शोध लावला. बरोबर गिरवलं तर पोपट नुसता ‘शाबास’ म्हणतो. चुकवलं तर पडतो. मग कोण कशाला बरोबर गिरवेल? एक मुलगा मुद्दाम सगळ्या काचेवर गिरगोटा काढत होता. शेजारची मुलगी मला म्हणाली, “ताई, याचा पोपट बघा किती वेळा पडला. माझा पण पाडून द्या ना.” आवाजाचंही तसंच. सगळे टॅबलेट एकदम ‘शाबास’ आणि ‘धप्प’ करत होते. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “मॅडम, याचा आवाज बंद होतो का?” बटण आम्ही ठेवलंच नव्हतं.

शाबासकीचं ॲनिमेशन तीन सेकंदांचं होतं. पहिल्या वेळी मुलांनी ते बघितलं. नंतर सगळी काचेवर टकटक करायला लागली, लवकर संपावं म्हणून. ती टकटक पुढच्या अक्षरावर पडायची आणि ते सुरू व्हायच्या आधीच चुकायचं.

निघताना बाई म्हणाल्या, “पोरांना पोपट आवडलाय. अक्षर नाही.” परतीच्या गाडीत कोणी फार बोललं नाही. खरं सांगायचं तर मला आधी त्या गिरगोटेवाल्या मुलाचाच राग आला होता. दिवे घाटात येईपर्यंत तो उतरला. त्याने जे केलं ते शहाणपणाचंच होतं. जिथे गंमत होती तिथे तो गेला.

संस्थेने पुढचा हप्ता थांबवला. साहजिक होतं. दुरुस्तीला थोडी मुदत मात्र दिली.

आता आम्ही संगणक बाजूला ठेवले. आलेख वह्या, वर्तमानपत्राचा कोरा कागद आणि जाड टोकाचे काळे मार्कर आणले. जाड टोकच हवं. बारीक पेनाने माणूस पोपटाची पिसं काढत बसतो. जाड मार्करने तपशील काढताच येत नाहीत, मग काय घडतंय तेवढंच काढावं लागतं.

आलेख वहीचा हट्ट माझा होता. सुझन केअर यांनी 1984 च्या मॅकिंटॉशसाठी चिन्हं केली ती आधी चौकटीच्या वहीत. 32 गुणिले 32 चौकोन, एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. त्या वहीची पानं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे रस्ते, खड्डे, विटा हे सगळं गेम डिझायनर मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आलेखाच्या कागदावर आखून प्रोग्रामरच्या हातात दिलं होतं. तेव्हा दुसरं साधन नव्हतं हे खरं. पण साधन आलं म्हणून ती पद्धत वाईट ठरत नाही.

आम्ही प्रोग्रामरलाही कागदावर बसवलं. तो म्हणाला, “मला चित्र काढता येत नाही.” म्हटलं, म्हणूनच बस. कागदाचे चार भाग करायचे: बोट टेकायच्या आधी, टेकताना, ओढताना, उचलल्यावर. प्रत्येक चौकोनात हात काढायचाच. हात काढला नाही की माणूस मनगट विसरतो. ही एक गोष्ट आधी केली असती तर तो पोपट त्या कोपऱ्यात बसलाच नसता, असं आमची चित्रकार म्हणाली.

मग पात्रांऐवजी क्रियापदं लिहिली. ओढणं, टांगणं, ढकलणं, टिचकी मारणं, सांडणं. प्रत्येकावर चित्रं काढली. बरीचशी फालतू होती. काना म्हणजे दांडा, तो अक्षराच्या शेजारी ठोकला की अक्षर ‘आ’ करून तोंड उघडतं. अनुस्वार म्हणजे चेंडू, तो वर फेकून अक्षराच्या डोक्यावर झेलायचा. वेलांटी म्हणजे छत्री. उकार म्हणजे शेपूट, ओढली की अक्षर दचकतं. ही पानं भिंतीवर चिकटवली. चहा देणारा पोरगाही थांबून बघायचा आणि एखाद्या चित्रावर हसायचा. तो कुठल्या चित्रापाशी हसतो याकडे माझं लक्ष असायचं.

कामाची कल्पना प्रोग्रामरच्या चित्रात निघाली. शाळेत आपण आधी अक्षरं लिहितो आणि शेवटी वरून शिरोरेषा ओढतो. त्याने ‘गवत’ हा शब्द शिरोरेषेशिवाय काढला होता आणि तिन्ही अक्षरं खाली घसरताना दाखवली होती. त्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “वर रेघ नाहीये ना, मग पडणारच.” पुढच्या चौकोनात बोट डावीकडून उजवीकडे रेघ ओढत होतं. त्यापुढच्यात अक्षरं त्या रेघेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकून झुलत होती.

सगळे गप्प झाले आणि मग एकदम बोलायला लागले. रेघ तिरकी आली तर? अक्षरं उताराकडे सरकतील. अर्धीच ओढली तर? राहिलेलं अक्षर खाली पडेल. म्हणजे शाबासकी वेगळी द्यायलाच नको. मूल जे करतंय त्याच्यातच मजा आहे, आणि नीट केलं तर जास्त आहे. पोपट कशाला हवा, असाही प्रश्न आला. पण संस्थेला पोपट हवाच होता. तो रेघेवर येऊन बसेल असं ठरलं.

हालचाल कागदावर कशी तपासायची? त्यासाठी फार काही लागत नाही. पुठ्ठ्याची अक्षरं कापली, वर भोक पाडून दोऱ्यात ओवली, आणि एक जण मागून हलवायचा. फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवून एकेक फोटो काढत गेलो. सेकंदाला 12 फोटो पुरतात. हाताने काढलेल्या चित्रपटांतही बहुतेक वेळा तेवढीच चित्रं असतात. एका दुपारी किती झुलावं, किती वेळ झुलावं याचे बरेच प्रकार करून बघता आले. हेच संगणकावर करायचं तर प्रोग्रामरचा आठवडा गेला असता आणि मग ‘एवढं केलंय तर राहू दे’ असं झालं असतं. आवाजही तोंडानेच काढले. ‘टुंग’, ‘ठक’, ‘फुस्स’.

संस्थेच्या माणसाला ही पानं दाखवली. तो म्हणाला, “हे काय दाखवताय? हे तर पोरंसुद्धा काढतील.” म्हटलं, त्यांनाच काढायला देणार आहोत, तुम्ही पण चला. तो आला. हे फार बरं झालं.

त्याच शाळेत गेलो. टॅबलेट नेले नाहीत. कागद, पुठ्ठा, दोरा नेला. मुलांनी कागदावर बोट फिरवायचं आणि टॅबलेटचं काम आम्ही करायचं. मूल रेघ ओढेल तसा मी दोरा ताणायची, चित्रकार अक्षरं हलवायची, प्रोग्रामर तोंडाने आवाज काढायचा. संस्थेचा माणूस पोपट झाला. तिरक्या रेघेवर तो घसरायचा तेव्हा मुलं लोळायची. पण इथे एक फरक होता. रेघ तिरकी केली की पोपट घसरायचा, पण अक्षरंही सरकून एकमेकांवर आदळायची आणि शब्द वाचता यायचा नाही. मुलं स्वतःच म्हणायची, “थांब थांब, सरळ कर.” पूर्ण चुकीचं अक्षर काढलं तर काहीच घडत नव्हतं. हशा नाही, ओरडणं नाही. आम्ही कागद उलटायचो. त्यात कोणाला रस नव्हता, आणि तेच हवं होतं.

खरी मदत बाईंची झाली. मागच्या वेळी त्यांनी रंगीत पडदे बघून ‘छान आहे’ एवढंच म्हटलं होतं. या वेळी कागद बघता बघता त्यांनी माझ्या हातातून मार्कर घेतला. “हे चुकलंय,” म्हणाल्या. मी ‘धरण’ या शब्दावर अख्खी रेघ ओढली होती. “ध च्या डोक्यावर रेघ पूर्ण नाही द्यायची. दिली की त्याचा घ होतो. भ ला दिली की म होतो. माझी निम्मी मुलं इथेच अडकतात.” त्यांनी ध आणि घ शेजारी काढून दाखवले. रेघ कुठे तुटते, बोट कुठे उचलायचं, परत कुठे टेकायचं. आम्ही मराठी माध्यमात शिकलेली माणसं. पण लिहिता येणं वेगळं आणि पहिलीच्या मुलाला ते कुठे अडतं हे माहीत असणं वेगळं.

ही दुरुस्ती रंगीत पडद्यावर कधीच मिळाली नसती. छापल्यासारख्या चित्रावर पेन चालवायला माणूस संकोचतो. वेड्यावाकड्या चित्रावर कोणीही रेघ मारतं.

गंमत अशी, की त्या दुरुस्तीतून खेळातली सगळ्यात चांगली बारीक गोष्ट मिळाली. घ आणि म दोन्ही बाजूंनी रेघेला धरलेले, म्हणून सरळ झुलतात. ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली, म्हणून ते उजव्या बाजूने टांगलेले राहतात आणि तिरके झुलतात. आम्ही हे समजावून सांगितलं नाही. मुलांनी ते हेरलं. “हा लंगडा झुलतो,” एक जण भ बद्दल म्हणाला. ध वर बोट न उचलता रेघ ओढली तर तेवढी शाई विरून जाते आणि ध टांगला जातच नाही.

आता परत टॅबलेटवर. इथे प्रोग्रामरला आवरावं लागलं. मार्टिन योनासन आणि पेट्री पुऱ्हो या दोघांचं 2012 चं एक भाषण त्याच्या फार आवडीचं. विटा फोडायचा एक कंटाळवाणा खेळ घेऊन ते त्यात एकेक गंमत घालत जातात. उसळी, धूळ, आवाज, पडद्याला हादरा. शेवटी तोच खेळ जिवंत वाटायला लागतो. ते बघितल्यावर कोणालाही सगळंच घालावंसं वाटतं. पण आमचे टॅबलेट शाळेतले होते. त्यामुळे एक नियम केला. आधी शाई, मग बाकी सगळं. बोट काचेवर आहे तोवर पडद्यावर दुसरं काहीही हलणार नाही. ढग थांबले, पानं थांबली. पिसं तर गेलीच. पोपटाची दोनच चित्रं उरली, बसलेला आणि घसरणारा. हे वाईट दिसेल अशी भीती होती. तेव्हा चित्रकाराने मारिओची आठवण करून दिली. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये ठिपके इतके कमी होते की केस काढता येत नव्हते, म्हणून त्याला टोपी आली. नाक-तोंड वेगळं दिसावं म्हणून मिशी आली. आमच्या पोपटाला मोठा डोळा आला आणि टोपीचा प्रश्न एकदाचा मिटला.

झुलण्यासाठी प्रोग्रामरने खरं गुरुत्वाकर्षण वगैरे मोजलं नाही. दोन्हीकडे हलायचं आणि प्रत्येक वेळी थोडं कमी, एवढं साधं सूत्र. अर्ध्या सेकंदात झुलणं ओसरतं आणि तेवढ्यातही पुढचं अक्षर लिहायला घेता येतं. मुलाला थांबवणारं ॲनिमेशन ठेवायचं नाही, हा दुसरा नियम. मनगटासाठी काचेचा खालचा पट्टा बहिरा करून टाकला, तिथे काही टेकलं तरी खेळ लक्ष देत नाही.

माफी हा आणखी एक भाग. उड्या मारायच्या खेळांत एक जुनी युक्ती असते. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची. खेळणाऱ्याला कळतही नाही, पण खेळ प्रामाणिक वाटतो. तेच इथे केलं. रेघ थोडी अलीकडून सुरू झाली, बोट क्षणभर उचललं गेलं, तरी चालतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं बोट अजून बसायचं असतं. ते मोठ्यांच्या मापाने तपासलं तर ते बिचारं चुकतच राहतं.

एक भानगड मात्र कागदाने दाखवली नाही, ती टॅबलेटवरच कळली. खेळातला ल हिंदी वळणाचा निघाला. मराठीत आपण पाकळीचा ल लिहितो, 2009 च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे. कागदावर आम्ही हाताने लिहीत होतो, तेव्हा तो आपोआप बरोबर यायचा. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असू शकतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्राममध्ये सांगितलं नाही तर मूळ वळण येतं, आणि ते बहुधा हिंदी असतं. काही फॉन्टमध्ये मराठी वळण नसतंच. मुलांच्या कामाला हात घालणाऱ्याने ल आणि श आधी बघून घ्यावेत.

नवी आवृत्ती घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा बाईंना आवाज बंद करायचं बटण दाखवलं. त्यांनी ते लगेच दाबलं आणि पुढे सबंध तास तसंच ठेवलं. तोंडाने काढून बघितलेला, मग ताटलीवर चमचा आपटून रेकॉर्ड केलेला आमचा ‘टुंग’ कोणी ऐकलाच नाही. मला थोडं वाईट वाटलं. पण खेळ आवाजाशिवाय चालत होता.

मुलं रेघ हळू ओढत होती. जीभ बाहेर काढून, अक्षर सांडू नये म्हणून. मुद्दाम चुकवणारेही होते, पण ते एक-दोनदा घसरवून परत सरळ करत होते. मागच्या खेपेचा गिरगोटेवाला शब्द संपवून लटकलेल्या अक्षरांना टिचकी मारत बसला होता. टिचकी मारली की अक्षर परत झुलायचं. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. प्रोग्रामरने तपासणीसाठी ठेवलं होतं आणि काढायचं राहिलं होतं. संस्थेतून निरोप आला, की यात शिक्षण नाही, काढून टाका. बाई म्हणाल्या, “राहू द्या. ज्याचं आधी होतं तो शेजारच्याला त्रास देतो. आता टिचक्या मारत बसतो.”

त्यांचं बरोबर होतं. थांबण्याच्या वेळेला काहीतरी निरुपद्रवी हाताशी असलं की माणूस वैतागत नाही. क्रोममध्ये इंटरनेट नसताना दिसणारा डायनासोर 2014 पासून हेच करतो. स्पेसचं बटण दाबलं की पळतो, इंटरनेट आलं की सोडून द्यायचं. कोणावर सक्ती नाही. टिचकी राहिली.

मुलं या खेळाने लवकर लिहायला शिकली असं मी म्हणणार नाही. तसं कोणी मोजलेलं नाही. एवढं सांगू शकते, की दुसऱ्या आवृत्तीत मुलं अक्षराकडे बघत होती. जोडाक्षरं आम्हाला अजून जमलेली नाहीत. अर्धा र कुठे टांगायचा यावर भिंतीवर बरेच कागद लागलेत.

अडलेला हप्ता सुटला. नवीन कामाचं कोटेशन आता मी वेगळं लिहिते. पहिला टप्पा कागदाचा, त्याचे पैसे स्वतंत्र, त्यात शाळेच्या भेटी आणि गाडीभाडं धरलेलं. रंगीत पडदे दुसऱ्या टप्प्यात. गिऱ्हाईक कुरकुरतं. “नुसत्या स्केचचे पैसे?” असं विचारतं. तेव्हा मी ध आणि घ चा कागद काढून दाखवते. बाईंनी त्यावर मारलेल्या काळ्या रेघा अजून तशाच आहेत. स्केचेस मेलवर मात्र कधीच पाठवत नाही, समोर बसूनच दाखवते. मेलवर गेलेलं कच्चं चित्र नुसतंच कच्चं दिसतं.

तुमच्याकडे असं काम आलं तर कागदाचा टप्पा करारात लिहूनच घ्या, आणि वापरणारी माणसं, मग ती मुलं असोत की बाई, त्या टप्प्यातच गाठा. तो टप्पा नुसता तोंडी ठरलेला असला तर मुदत कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते.